नागपूरच्या कामठी रोडवरचं बिननावाचं एसी वायरिंगचं दुकान : मोटर बदला असं ज्यांना सांगितलंय त्यांनी आधी इथे जा

आधीच सांगतो, दुकानाला नाव नाही. पत्र्याच्या बोर्डवर लाल रंगात फक्त "ऑटो इलेक्ट्रिशियन व कार एसी" एवढंच लिहिलंय आणि त्यातला "एसी" पण अर्धा उडालाय. कामठी रोडनी ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाताना चौकाच्या थोडं अलीकडे डाव्या हाताला, समोर एक मोठं कडुनिंबाचं झाड, झाडाखाली दोनतीन गाड्या बोनेट उघडून उभ्या दिसल्या की समजायचं आलो. पाचपैकी चार स्टार देतो, एक काऊन कापला ते खाली येतेच.

माझी गाडी दहा वर्षं जुनी हॅचबॅक, पेट्रोल. रोज नरेंद्रनगर ते बुटीबोरी एमआयडीसी आणि परत, म्हणजे वर्धा रोडचं ऊन दोन्ही टायमाला तोंडावर. नागपूरच्या मे महिन्यात एसी ही चैन नाहीये हे इथल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही, पुण्याचे नातेवाईक "काच उघडायची ना" म्हणतात त्यांना एकदा दुपारी दोन वाजता बुटीबोरीच्या टोलपाशी उभं केलं पाहिजे.

तर झालं असं की फेब्रुवारीच्या शेवटी एसीचा पंखा, म्हणजे ब्लोअर, १, २, ३ नंबरवर चालणं बंद झाला. फक्त ४ वर चालायचा आणि तो पण असा सुसाट की मागे बसलेल्या आईला गाडीत बोललेलं ऐकू येईना. सर्व्हिस सेंटरला नेली (नाव घेत नाही, शहरात चांगलं मोठं आहे, कॉफी पण देतात). त्यांनी सांगितलं रेझिस्टर (पंख्याचा स्पीड कमी करणारा भाग) गेलाय, बदलून दिला, २,४०० रुपये घेतले, चारही स्पीड सुरू, मी खुश. मे च्या दुसऱ्या आठवड्यात परत तेच, १-२-३ बंद. फरक एवढाच की यावेळी सोबत जळक्या प्लास्टिकचा वास, आणि कधीकधी ४ पण बंद पडायचा आणि ग्लोव्ह बॉक्सच्या खाली लाथ मारली की सुरू व्हायचा. बायकोनी ती लाथ इतकी बरोबर बसवायला शिकली होती की विचारू नका.

परत सर्व्हिस सेंटर. आता म्हणे सर ब्लोअर मोटर जास्त करंट खेचून राहिली म्हणून रेझिस्टर टिकत नाहीये, मोटर बदलावी लागेल, रेझिस्टर परत नवीन, आणि वायरिंग हार्नेस (वायरींचा जुडगा) पण चेक करावा लागेल, डॅशबोर्ड उतरवावा लागला तर लेबर वेगळं. एस्टिमेट १६,५०० रुपये. मी विचारलं मोटर किती करंट खेचते ते मोजलं का, तर तो पोरगा माझ्याकडे असा पाहून राहिला की जसं मी त्याचा पगार विचारला. मोजलं नव्हतं. गाडी घेऊन निघालो.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या भावाची स्कूल व्हॅन आहे, त्यानी हे कामठी रोडचं दुकान सांगितलं. सकाळी साडेदहाला पोचलो तर बंद, अकराला दुकानवाले काका आले. पंचावन्न-साठचे असतील, डोक्याला दुपट्टा, खिशात टेस्टर, सोबत एक पोट्टा हाताखाली. मी सगळं पुराण सांगायला सुरुवात केली तर अर्ध्यातच थांबवलं, "भाऊ, वास येते का? कसा येते, रबराचा का प्लास्टिकचा?" म्हटलं प्लास्टिकचा. "मंग मोटर राहू द्या, पयले प्लग पाहू."

इथे थोडं सविस्तर लिहितो कारण ज्यांच्या गाडीत हाच प्रॉब्लेम आहे त्यांना उपयोगी पडेल आणि मला स्वतःला हे दहा वर्षं गाडी चालवून माहीत नव्हतं.

साध्या नॉबवाल्या एसीत पंख्याचा स्पीड कमी करायची पद्धत म्हणजे जुन्या सीलिंग फॅनचा तो मोठा काळा रेग्युलेटर आठवा, जो हाताला गरम लागायचा, तीच. रेझिस्टरमधे तारेच्या कॉइल असतात, १ नंबरला करंट सगळ्या कॉइलमधून जातो, २ ला त्यापेक्षा कमी कॉइलमधून, ३ ला अजून कमी, आणि ४ ला रेझिस्टर वगळून डायरेक्ट. म्हणून रेझिस्टर उडाला की फक्त ४ उरतो. त्या रेझिस्टरवर एक छोटा थर्मल फ्यूज असतो, फार तापलं की तो तुटतो आणि मग १-२-३ एकदमच जातात. आणि हा रेझिस्टर मुद्दाम ब्लोअरच्या हवेच्या रस्त्यात बसवलेला असतो, म्हणजे पंखा त्याला वारा घालतो आणि थंड ठेवतो.

काकांनी आधी ग्लोव्ह बॉक्स उतरवला आणि केबिन फिल्टर, म्हणजे आतली हवा गाळणारी जाळी, ओढून काढला. मी लाजलो. कडुनिंबाची वाळलेली पानं, धूळ, कसलातरी कापूस, एक मेलेली माशी, फिल्टरचा रंग ओळखू येईना. आमच्या सोसायटीत गाडी कडुनिंबाखालीच उभी असते, सावलीसाठी, आणि काचेखालच्या जाळीतून हे सगळं आत जातं. मी म्हटलं म्हणजे फिल्टर चोक म्हणून मोटरवर लोड आला का? तर म्हणे, "उलटं आहे. हवाच नाई ओढत तर मोटरले काम कमी. पण रेझिस्टरले वारा भेटत नाई न जी, थो तापते." हे मला फार आवडलं. मी इंजिनिअर आहे, मला हे आधीच सुचायला पाहिजे होतं, नाही सुचलं.

मग त्यांनी क्लॅम्प मीटर लावला, तो चिमट्यासारखा असतो, वायर कापायची गरज नाही नुसता वायरभोवती अडकवायचा. नवीन फिल्टर लावून ४ नंबरवर मोटर १४ अँपिअर. थोडा वेळ चालू ठेवली, तेवढाच. आवाज पण साफ. "मोटर चांगली आहे, कोणं सांगतलं तुमाले बदलाले?" मी काही बोललो नाही.

आता खरा मुद्दा म्हणजे कनेक्टर. रेझिस्टरचा प्लग काढला तर निघेचना, कारण एका पिनेजवळचं प्लास्टिक वितळून चिकटलं होतं. हलवून हलवून काढला तर पांढरा प्लग त्या कोपऱ्यात पार तपकिरी, आतली पिन काळी. प्रत्येक नागपूरकराच्या घरात कूलरचा थ्री पिन टॉप असा झालेला असतो, एक पिन काळी आणि बाजूचं प्लास्टिक फुगलेलं, आणि आपण काय करतो, सॉकेट तेच ठेवून टॉप नवीन लावतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तो पण जळतो. तंतोतंत तेच माझ्या गाडीत झालं होतं. सर्व्हिस सेंटरनी नवीन रेझिस्टर त्याच जळक्या ढिल्या प्लगला लावून दिला होता.

यावर मी जरा हुज्जत घातली, म्हटलं कशावरून प्लगमुळेच, तर काकांनी दाखवूनच दिलं. शेजारच्या स्पेअरवाल्याकडून पोट्ट्यानी रेझिस्टर आणला, तो जुन्याच प्लगला लावला, ३ नंबरवर पंखा सुरू केला आणि मल्टीमीटरची एक सुई प्लगच्या मागून वायरपाशी घातली, दुसरी रेझिस्टरच्या त्याच पिनेवर. म्हणजे एकाच जोडाच्या दोन बाजू. तिथे शून्याच्या जवळ काहीतरी यायला पाहिजे. आलं १.२ व्होल्ट. करंट होता १० अँपिअरच्या आसपास. गुणाकार करा, १२ वॅट, तो पण काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढ्या जागेत. घरातला झिरोचा बल्ब १५ वॅटचा असतो, तो तासभर पेटलेला असताना हातात धरून पाहा कसा लागतो ते. आणि ही गरमी पिनेतून रेझिस्टरच्या पायात जाते, वरून फिल्टर चोक असल्यामुळे वारा नाही, थर्मल फ्यूज उडणार नाही तर काय होणार. ढिली पिन गरम होते, गरम झाली की तिची स्प्रिंग मरते, अजून ढिली होते, अजून गरम. लाथ मारली की पंखा सुरू का व्हायचा त्याचं पण उत्तर मिळालं.

मीटर नसलेला माणूस हे कसं ओळखणार विचारलं तर म्हणे दहा मिनिटं ३ वर चालवा, बंद करा, प्लगला हात लावा. कोमट असला तर ठीक, हात पटकन काढावासा वाटला तर गडबड. एवढं साधं. गाडी बंद करूनच हात लावा हे माझ्याकडून.

दुरुस्ती कशी केली हे पण सांगतो, कारण खरा फरक तिथेच आहे. प्लग कापला, आणि वायर पण कापत गेले, जिथपर्यंत तांबं काळं होतं तिथपर्यंत, जवळपास दोन इंच आत गेल्यावर चकचकीत तांबं दिसलं तेव्हा थांबले. काळ्या तांब्यावर जोड धरत नाही म्हणे. नवीन प्लग वायरसकट येतो, त्याला ते पिगटेल म्हणतात, त्याची वायर जुन्याच जाडीची आहे का ते कॅलिपरनी नाही तर बोटानी पाहिलं पण पाहिलं. मग प्रत्येक जोडावर तांब्याची नळी, क्रिम्पिंगच्या पकडीनी दाबली, ओढून पाहिली, वरून आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून बसणारी नळी) आणि हीट गन. आणि सगळे जोड एकाच जागी नाही, एक पुढे एक मागे, म्हणजे गठ्ठा होत नाही आणि चुकून घासले तर एकमेकाला टेकत नाहीत. मी आजवर पाहिलेले इलेक्ट्रिशियन दातानी वायर सोलून पीळ देऊन काळी टेप गुंडाळणारे, ती टेप नागपूरच्या उन्हात दोन महिन्यात चिकट डिंक होते आणि सुटते. इथे टेप वापरलीच नाही असं नाही, शेवटी हार्नेस बांधायला कापडी टेप वापरली, पण जोडावर नाही.

एक शिवी पण खाल्ली. फ्यूज बॉक्स उघडला तर ब्लोअरच्या जागी केशरी फ्यूज. झाकणावर लिहिलंय ३०, म्हणजे हिरवा पाहिजे, केशरी म्हणजे ४०. मला आठवलं, मागच्या वर्षी उमरेडच्या रस्त्यावर फ्यूज उडाला होता तेव्हा एका टपरीवर जो होता तो लावून घेतला होता आणि विसरलो. काका म्हणे, "फ्यूज मोटरले वाचवाले नसते, वायरले वाचवाले असते. वायर तेवढीच अन् फ्यूज मोठा, म्हंजे पयले वायर पेटन मंग फ्यूज उडन." हे बोलताना आवाज चढला होता आणि बाजूला उभे असलेले दोन ऑटोवाले माझ्याकडे पाहून राहिले होते. बरोबरच होतं म्हणा.

हिशोब असा, रेझिस्टर ७००, पिगटेल ३५०, फिल्टर २५०, मजुरी ६००, फ्यूज फुकट. एकूण १,९००. तिकडचं एस्टिमेट वर लिहिलंच आहे. आज सप्टेंबर संपत आलाय, उरलेला उन्हाळा आणि पावसाळा गेला, चारही स्पीड चालू, वास नाही. मी मधे दोनदा ग्लोव्ह बॉक्स काढून प्लगला हात लावून पाहिला, कोमट. आता ती सवयच लागलीय.

दुसरी केस शेजाऱ्यांची, ते रिटायर्ड आहेत, त्यांच्या गाडीत पंखा मस्त चालायचा पण हवा गरम. त्यांनी एका गॅरेजमधे एका महिन्यात दोनदा गॅस भरून घेतला, दोन्ही वेळा "गॅस संपला होता काका". हे गॅस संपणं मला कधी समजत नाही. एसीची सिस्टिम बंदिस्त असते, गॅस काही पेट्रोल नाही जळून संपायला, संपला म्हणजे कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता भरला तर परत जाणार. बहुतेक गाड्यांत बोनेटखाली एक स्टिकर असतो, त्यावर आर-१३४ए किती ग्रॅम भरायचा ते लिहिलेलं असतं, लहान गाडीत साधारण ४००-५०० ग्रॅम. भरणाऱ्याला विचारा किती ग्रॅम निघाला आणि किती भरला. बोलायला लागला "फुल केला" तर समजून जा.

मी त्यांना कामठी रोडला घेऊन गेलो. काकांनी गॅसचं प्रेशर पाहायचे गेज लावले, गॅस व्यवस्थित, पण कॉम्प्रेसरचा क्लच (कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणारा भाग) पकडतच नाही, तो टक आवाज येत नाही. मग पाइपवरचा प्रेशर सेन्सर. त्याला तीन वायर, एकीत गाडीच्या कॉम्प्युटरकडून ५ व्होल्ट येतात, एक अर्थिंग, तिसरीतून सेन्सर प्रेशर किती ते परत सांगतो. त्या तिसऱ्या वायरीचं उंदरानी जेवण केलं होतं. एकच बारीक वायर, बाकीच्या दोन शाबूत. कॉम्प्युटरला प्रेशर दिसत नाही म्हणून तो कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही, म्हणजे गाडी स्वतःला वाचवून राहिली होती आणि गॅरेजवाला गॅस भरून राहिला होता. जोड, ट्यूब, वायरीवर प्लास्टिकची गोल नळी, ४०० रुपये. शेजाऱ्यांनी आधी गॅसचे किती दिले ते मी इथे लिहित नाही, त्यांनी घरी पण सांगितलेलं नाहीये.

यावरून आठवलं, २०२४ च्या मे अखेरीस नागपुरात एका ऑटोमॅटिक वेदर स्टेशननी ५६ डिग्री दाखवलं होतं, व्हॉट्सॲपवर नुसता धुमाकूळ, माझ्या मावशीनी मुंबईहून फोन करून विचारलं जिवंत आहात का, आणि मग हवामान खात्यानी सांगितलं की सेन्सर बिघडला होता. मी ही गोष्ट काकांना सांगितली तर हसले नाहीत, एवढंच म्हणाले की सेन्सरची वायर पाहिली होती का कोणी.

आता एक स्टार काऊन कापला. पहिलं म्हणजे वेळ. अकराला उघडतात आणि उन्हाळ्यात एक ते चार सरळ बंद, झाडाखाली खाट टाकून झोपतात, आणि फोन उचलत नाहीत, कधीच नाही. माझी गाडी सकाळी दिली ती संध्याकाळी सहाला मिळाली, त्यात खरं काम दीड तासाचं. मी मधे ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रो पकडून छत्रपती चौकाला उतरून घरी जाऊन जेवून परत आलो, ऑरेंज लाईन बरोबर दोन्हीकडे सोयीची पडते म्हणून ठीक, नाहीतर बसा स्टुलावर. दुसरं, पक्कं बिल नाही. वहीच्या कागदावर लिहून देतात, कंपनीत क्लेम करायचा असेल तर विसरा. वॉरंटी विचारली तर म्हणे "मी इथंच आहो". तिसरं, ग्लोव्ह बॉक्स परत बसवताना एक क्लिप तुटली आणि ती न सांगता तशीच लावली, आता खडबडीत रस्त्यावर तिथून किर्रर्र आवाज येतो, आणि आपल्या शहरात खडबडीत नसलेला रस्ता किती. प्लास्टिकच्या क्लिपा उन्हानी कडक होतात हे मान्य, पण सांगायचं ना.

आणि ज्यांची गाडी ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलवाली आहे, म्हणजे डिग्री सेट करायची डिजिटल, त्यांच्यासाठी वेगळं. त्यात असा कॉइलवाला रेझिस्टर सहसा नसतो, ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतं, जे स्पीड हळूहळू कमीजास्त करतं. प्लग त्याचा पण तसाच जळू शकतो आणि ते काम काका करतात, पण त्यापुढे कंट्रोल पॅनल किंवा कॉम्प्युटरचं काही निघालं तर सरळ सांगतात की हे माझ्याच्यानं होत नाही, दुसरीकडे जा. मला यात काही वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. त्यांच्याकडे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा छोटा स्कॅनर आहे पण काढताना दिसला नाही, मीटर मात्र हातातून सुटत नाही.

जायचं असेल तर मंगळवार ते शुक्रवार जा, शनिवारी स्कूल व्हॅनवाल्यांची रांग असते आणि सोमवारी उघडतील याची गॅरंटी नाही. यूपीआय चालतं. जाताना एवढं करा की घरून निघायच्या आधी प्रॉब्लेम कोणत्या स्पीडला होतो, वास येतो का, पावसात वाढतो का, हे नीट पाहून ठेवा कारण ते हेच विचारतात आणि "माहीत नाही" म्हटलं की तोंड वाकडं करतात.

माझं एक काम अजून बाकी आहे. गरम-थंडचा नॉब फिरवला की डॅशबोर्डच्या आतून टिक टिक टिक आवाज येतो, थोडा वेळ येतो मग थांबतो. काकांनी कान लावून ऐकलं, म्हणे आतल्या फ्लॅपची छोटी मोटर आहे, तिच्या प्लास्टिक गिअरचा दात गेला, वायरिंग चांगलं आहे. डॅशबोर्ड बराच खोलावा लागेल म्हणून उन्हाळ्यात हात लावला नाही, "दिवाळी झाल्यावर आणा, तवा फुरसत राहते." तर दिवाळीनंतर जाईन, आणि यावेळी क्लिपा मी स्वतः विकत घेऊन जाणार आहे.